चवथीआधीच तवशाचा वेल मरतो: दरवर्षीच्या या दुखण्यावर उपाय

जूनमध्ये टोचलेलं तवशाचं, म्हणजे पावसाळी काकडीचं, बी उगवतं, वेल हातभर चढतो आणि जुलैत कधीतरी एका दुपारी मान टाकतो. कधी बी वर येतच नाही. कधी वेल गणपतीपर्यंत तग धरतो, पण बोटाएवढी तवशी पिवळी पडून गळून जातात. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर गेली काही वर्षं श्रावण लागला की हेच बोलणं. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायला घरचं तवसं नाही, तवसळी (तवशाचा गोड केक) करायची तर बाजारातून आणा. ज्या परसात सासूबाईंच्या काळी तवशी वाटून संपत नसत, तिथलीच ही गोष्ट.

मी तीन वर्षं बियाण्याला दोष दिला. पाकिटं बदलली, दुकानं बदलली. मग एका वर्षी वहीत तारखा लिहायला लागले: बी कधी टोचलं, पाऊस कधी आणि किती पडला, वेल कुठल्या दिवशी गेला. त्या वहीने मला शहाणं केलं. बी ठीक होतं. आपण पेरतो जुन्या पावसाच्या हिशेबाने, आणि तो पाऊस आता तसा पडत नाही.

केरळात मान्सून पोचल्याच्या तारखा बघा: २०२३ मध्ये ८ जून, २०२४ मध्ये ३० मे, २०२५ मध्ये २४ मे. तीन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक. २०२५ साली रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास गोव्यात पाऊस धो-धो पडत होता आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सूनची पुढची वाटचालच थांबली. आमच्या वाफ्यात मेअखेर चिखल होता आणि मृगात भेगा. त्यात चवथही तिथीप्रमाणे पुढेमागे होते: २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. म्हणजे पाऊस एकीकडे सरकतो, सण दुसरीकडे, आणि आपण मात्र "पहिला पाऊस पडला, बी टोचा" एवढंच धरून बसतो.

तेव्हा उपायाआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: वेल कुठल्या वयात गेला? त्यावरून कारण बरंचसं कळतं.

बी उगवलंच नाही, किंवा उगवून आडवं झालं

तवशाचं बी ऊबदार, ओलसर मातीत चार ते सहा दिवसांत वर येतं. आठवडा झाला तरी काही नाही, तर बोटाने माती उकरा. बी मऊ, करड्या रंगाचं, दाबल्यावर पचकन फुटणारं मिळालं तर ते पाण्याने कुजलं. दोन पानं उघडली आणि दुसऱ्या दिवशी रोप झोपलं असेल, तर जमिनीलगतचा देठ बघा. तिथे तो सुईसारखा बारीक, पाणचट झालेला दिसेल. ही मर बुरशीची. पिथियमसारख्या बुरशी भरलेल्या पाण्यात वाढतात आणि कोवळ्या देठाला कंबरेतच धरतात.

यावर औषधापेक्षा मोठा उपाय म्हणजे बी पावसात पेरायचंच नाही. ओसरीवर पेरायचं. रद्दीच्या कागदाचे पेले करा किंवा केळीच्या सोपाचे द्रोण टाचा. त्यात माती, चांगलं कुजलेलं खत आणि थोडी जाडी रेती भरा, ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या मित्रबुरशीची) चिमूट मिसळा आणि एका पेल्यात दोनच बिया टोचा. पागोळ्यांच्या आत, पण उजेडात ठेवा. उजेड कमी पडला तर रोप लांबट, पांढुरकं होतं आणि लावल्यावर मोडतं. तवशाच्या मुळांना हात लावलेला खपत नाही, म्हणून पेला किंवा द्रोण तसाच मातीत जाऊ द्यायचा. प्लास्टिकच्या पिशवीतून ओढून काढलेलं रोप आठवडाभर रुसतं.

दोन खरी पानं आली, म्हणजे बारा-पंधरा दिवस झाले, की लावायला घ्या. लावण्याआधी पुढच्या दोन दिवसांचा अंदाज बघा. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे "जोरदार", ११५.६ च्या पुढे "अति जोरदार" आणि २०४.५ च्या पुढे "अत्यंत जोरदार" पाऊस. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर रोपं ओसरीवरच राहू द्या. दोन दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

रोप उगवून उभं आहे, पण पानांना भोकं पडली आहेत आणि मातीवर चकाकणारी चिकट रेघ आहे, तर ती गोगलगाय. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट पसरा, पहाटे उचला. खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका. राखेचं कडं पावसात एका रात्रीत वाहून जातं, त्यावर विसंबू नका. भोकं आहेत आणि रेघ नाही, तर लाल भुंगा असेल. उन्हं यायच्या आधी तो सुस्त असतो, तेव्हा हाताने वेचता येतो.

महिन्याचा वेल एका दिवसात मान टाकतो

सगळ्यात जास्त वेल इथे जातात आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते.

चार-पाच दिवस संततधार लागते. मग उघडीप येते, कडक ऊन पडतं आणि दुपारी वेलाची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात. बघणाऱ्याला वाटतं, उन्हाने सुकला. पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी वेल संपतो. माझ्या शेजारच्या वहिनींनी सलग दोन वर्षं असंच केलं, आणि त्यांच्या आधी मी.

असा वेल फेकू नका. मुळासकट उपटा आणि एक बारीक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ पांढरं असतं आणि कटकन तुटतं. कुजलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी निसटते, हातात तपकिरी बुळबुळीत चामडी येते आणि मागे दोऱ्यासारखी तार उरते. असं झालं तर वेल पाण्यावाचून मेलेला नाही, पाण्यात बुडून मेला. मुळांना हवा मिळाली नाही, ती कुजली, आणि ऊन पडल्यावर पानांना पाणी पोचवायला खाली काही उरलंच नाही.

हे आताच का वाढलं? गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पूर्वीही पडायचा. फरक तो कसा पडतो यात आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि मग ती एकदम ओतते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा वाढता लहरीपणा आहे. गोवा त्या मध्य पट्ट्यात येत नाही, पण तो वारा आपल्या डोक्यावरूनच जातो.

दुसरं कारण आपल्या घरांत आहे, आणि ते मला अधिक बोचतं. जुन्या कौलारू घराच्या पागोळ्या चारी बाजूंनी विखरून पडत. आता स्लॅब आहे आणि सगळं पाणी एका पाइपातून परसात उतरतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर त्या एका पाइपातून १०,००० लिटर येतात. अंगणाला पेव्हर बसवलेले, कंपाउंडच्या भिंतीला पाणी जायला भोक नाही, आणि उरलेल्या वीतभर मातीत आपण तवसं लावतो. शिवाय ती माती बहुतेक वेळा बांधकामाच्या वेळची भराव असते: मुरूम, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे. जांभ्या दगडाची आपली मूळ माती पाणी पटकन सोडते. भरावाची माती दाबली गेलेली असते, ती सोडत नाही.

तुमची जागा कुठली, हे एका खड्ड्यात कळतं. फूटभर खोल खणा, पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दोन-तीन तासांत उतरलं तर ठीक. संध्याकाळपर्यंत साचून राहिलं किंवा मातीला आंबूस वास आला, तर त्या जागी सपाटीवर वेल लावू नका, कितीही खत घातलं तरी.

तिथे उंचवटा करायचा. फूट-दीड फूट उंच, दोन-अडीच फूट रुंद. तळाला नारळाच्या सोडणांचा एक थर, पोकळ बाजू वर करून. सोडण पाणी धरून ठेवतं आणि उघडिपीत मुळांना देतं. उंचवट्याच्या पार खाली असल्यामुळे मुळं त्यात बुडत नाहीत. त्यावर निम्मी माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि जांभ्याचा बारीक चुरा. उंचवट्याच्या भोवती चर काढा आणि तो कुठेतरी नेऊन सोडा. चर काढून कोपऱ्यात बंद केला तर तो तलाव होतो. स्लॅबचा पाइप विहिरीकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. हा खर्च एकदाचा आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरीत त्याचं फळ दिसतं.

उंचवटा पावसात खचतो. त्यावर नारळाची चुडतं आडवी टाका, म्हणजे सरींचा मार थेट मातीवर बसत नाही. देठाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा.

मुळं पांढरी, ठणठणीत आहेत आणि तरी खालची पानं पिवळी पडत आहेत, तर ती उपासमार. एवढ्या पावसात नत्र आणि पालाश धुऊन जातात. जूनमध्ये पाटीभर खत एकदम घातलं की जुलैत त्यातलं फारसं उरत नाही. दर दहा दिवसांनी मूठमूठ द्या. मासळी धुतलेलं पाणी जरूर घाला, खाऱ्या मासळीचं मात्र नको. आपली माती आंबट असते, तवशाला ती थोडी कमी आंबट लागते. तेव्हा लागवडीच्या महिनाभर आधी चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास शेतीचा चुना मिसळा. त्याआधी माती तपासून घेतलीत तर उत्तम. विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पानांवर पिवळे चौकोन

उघडीप आणि पाऊस आलटून पालटून आले की पानांच्या शिरांमध्ये कोनाकोनांचे पिवळे डाग पडतात. सकाळी दव असताना पान उलटा. खाली करडी-जांभळट लव दिसली तर तो केवडा. वरच्या बाजूला पिठासारखं पांढरं असेल तर ती भुरी, ती वेगळी.

वेल जमिनीवर पसरू देऊ नका, वर चढायला माटव (मांडव) घाला. दोन वेलांत चार-पाच फूट अंतर ठेवा आणि डाग पडलेली खालची पानं काढून घरापासून लांब पुरा. बऱ्याच घरांत पोफळीच्या कोळेरोगासाठी केलेलं बोर्डो मिश्रण शिल्लक असतं आणि तेच तवशावर मारलं जातं. कृपा करून तसं करू नका. पोफळीसाठीचं एक टक्क्याचं मिश्रण तवशाची कोवळी पानं जाळतं. गंधकही या कुळाला भाजतं. फवारायचंच असेल तर उघडिपीत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूला, आणि फळ तोडण्याआधी डब्यावर लिहिलेले दिवस पाळा.

फूल येतं, तवसं धरत नाही

पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलं आली तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. मागे चिमुकलं तवसं असलेलं फूल म्हणजे मादी. ते तवसं बोटाएवढं होऊन पिवळं पडलं तर सुरीने उभं चिरा. आत अळी असेल तर फळमाशी. आत स्वच्छ असेल तर फळ धरलंच नव्हतं, कारण संततधारेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत.

या दुसऱ्या कारणाचा इलाज अगदी सोपा आणि तो करताना मला फार बरं वाटतं. आदल्या संध्याकाळी उमलायच्या बेतातलं एक नर फूल हेरा आणि परागकण भिजू नयेत म्हणून वर केळीच्या पानाचा तुकडा टाचणीने टोपीसारखा अडकवा. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ते फूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. फूल एकच दिवस उमलतं, उद्यावर ढकललं की गेलं. आमच्याकडे धाकटी नात शाळेत जायच्या आधी हे करते, आणि तिने लावलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधते. चार दिवसांनी दोरा बांधलेलं तवसं वाकून खाली लोंबायला लागलं की धरलं असं समजायचं.

फळमाशीसाठी सापळा लावतो म्हणून कितीतरी जण आंब्याचाच सापळा लावतात. आंब्याची माशी मिथाइल युजेनॉल या आमिषाच्या वासाला येते, तवशा-दोडक्याची माशी क्यू-ल्यूरच्या. दुकानात नाव घेऊन मागा. पडलेली तवशी वाफ्यात सडू देऊ नका, दीड-दोन फूट खोल पुरा, कारण अळी मातीत शिरून कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच उठते. धरलेल्या तवशाला जुन्या साडीच्या तुकड्याची सैल पिशवी बांधा. वर्तमानपत्र पावसात टिकत नाही.

आता तारखा

पेल्यात बी टोचल्यापासून कोवळं तवसं पन्नास-पंचावन्न दिवसांत मिळतं. माटोळीला आणि तवसळीला हवं असतं ते जून म्हणजे पक्कं झालेलं, पिवळसर. त्याला ऐंशी दिवस धरा. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे बी ८ जूनला पेल्यात हवं होतं, अगदी मृगावर. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे चवथ १४ सप्टेंबरला आहे. ऐंशी दिवस मागे गेलं की २६ जून येतो, म्हणजे आर्द्रा.

पण सगळं बी एका दिवशी टोचू नका. मी तीन खेपा करते. यंदा पहिली ८ जूनच्या आसपास, दुसरी २३-२४ जूनला, तिसरी ६ जुलैला. पहिली साधली तर तवसं ऑगस्टअखेर तयार होईल. जून झालेलं तवसं सुंभात अडकवून वाऱ्यावर टांगलं की काही आठवडे सहज राहतं. दुसरी खेप माटोळीच्या मापाची. तिसरीची कोवळी तवशी चवथीच्या जेवणात कोशिंबिरीला येतील. एखादी खेप पावसाने नेली तरी दोन उरतात. सासूबाई मृगात पेरायच्या आणि आर्द्रेत "खाडे भरायला" पुन्हा टोचायच्या, ते हेच होतं. आम्हीच ते सोडून दिलं आणि पाकीट एका दिवशी रिकामं करायला लागलो.

सरळ भिंतींचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी आठला पट्टी बुडवून पाणी मोजा. दहा किलोमीटरवरच्या केंद्रात पडलेला पाऊस आणि आपल्या परसात पडलेला यांत खूप फरक असतो. ज्या दिवशी शंभर मिलिमीटरच्या पुढे गेलं, त्या दिवशी पाऊस थांबताच चर मोकळे करायला जा, बाकी कामं नंतर.

शेवटचं काम चवथीनंतरचं. जो वेल सगळ्यातून तगला, त्याचं एक तवसं वेलावरच पूर्ण पिकू द्या. बी गरासकट एक-दोन दिवस भांड्यात आंबवा, धुवा, बुडालेलं तेवढं घ्या, सावलीत वाळवा आणि राख घालून बाटलीत भरा. संकरित पाकिटाच्या बियांवर हे करू नका, पुढची पिढी तशीच निघत नाही. बाटलीवर वर्ष, खेप आणि जागा लिहा. आमच्या फडताळात आता अशी एक बाटली आहे: "२०२५, दुसरी खेप, विहिरीकडचा उंचवटा". तीन वेलांपैकी एक जगला होता, त्याच्या या बिया.